धूळपेरणीला गेलो होतो

बीड जिल्ह्यात उन्हाळा संपता संपता कोणी फिरायला जात नाही. मी गेलो. मृगाला पाच दिवस होते, आकाश निवडून ठेवलेल्या तांदळासारखं स्वच्छ होतं आणि दुष्काळाचं तिसरं वर्ष लागायच्या बेतात होतं. आमच्या पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी मला अडवून सांगितलं, की तुझं जुनं पाप प्रभूने केव्हाच धुतलं आहे, ते उकरायला एवढ्या उन्हात जाणं म्हणजे अविश्वास. मी त्यांचं ऐकलं नाही. धुतलं असेल. पण ज्या बाईशी मी तसं वागलो, तिला कोणी कळवलं होतं का?

तेवीस वर्षांपूर्वी मी आष्टीजवळच्या एका वस्तीवर प्रचारक होतो. लोक मला मास्तर म्हणत. तिथल्या ख्रिस्ती घरांची एक पद्धत होती. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला प्रत्येक घर बाजरीच्या बियाण्याचं एक माप देवळात आणायचं. कोपऱ्यात तुराट्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली पुरुषभर उंचीची कणगी होती. तिच्यात राख आणि लिंबाचा पाला घालून बी भरायचं, वर लाकडी झाकण, झाकणाला कुलूप. किल्ली शेवंताबाईच्या कमरेला. पाऊस जमिनीत हातभर उतरला की मगच ती कणगी उघडायची.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि मी एकोणतीस वर्षांचा होतो. देवाच्या घरात कुलूप लावणं हा देवाचा अपमान आहे, असं मी उपासनेत म्हणालो. पाखरं कोठारात साठवत नाहीत, रानफुलं कातत नाहीत, तरी देव त्यांचं पाहतो, या प्रभूच्या वचनावर तासभर बोललो. तीन दिवस सगळ्या वस्तीला उपास करायला लावला आणि चौथ्या दिवशी सांगितलं, की सगळं बी कोरड्या धुळीत पेरा, पाऊस पाठवणं त्याचं काम. शेवंताबाईने किल्ली दिली नाही. मी तिला भर मंडळीत अल्पविश्वासी म्हणालो आणि दोन बायकांकरवी तिच्या कमरेची किल्ली सोडवून घेतली. तिने हात वर केला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

झिमझिम झाली, कोंब वर आले, मंडळीने टाळ्या वाजवून गाणी म्हटली. मग तीन आठवडे थेंब नाही. कोंब करपले. खरा पाऊस आला तेव्हा दुबार पेरणीला वस्तीवर मूठभर बी नव्हतं. दिवाळी झाली आणि अर्धी वस्ती ऊसतोडीला गेली. ते पाहायला मी नव्हतो. पाऊस आला त्याच आठवड्यात मी पुण्याला निघून गेलो होतो. किल्ली खिशात राहिली होती.

नंतर मी एका कारखान्यात भांडारपाल झालो आणि देवावर म्हणून काहीच सोडलं नाही. घरात पाण्याच्या दोन टाक्या, दोन गॅस सिलिंडर, प्रत्येक औषधाच्या दोन पट्ट्या. माझी प्रार्थना म्हणजे झालेल्या तयारीची माहिती देवाला कळवणं. तेवीस वर्षं मी ह्याला शहाणपण म्हणत होतो. ती भीती होती. शेवंताबाई आता सत्तरीपुढची असणार. ती असेपर्यंत किल्ली तिच्या हातात द्यायची आणि तिच्या तोंडावर क्षमा मागायची, एवढ्यासाठी निघालो.

आष्टी

माझ्या पिशवीत पाण्याच्या सहा बाटल्या होत्या, साखरमिठाची पाकिटं, दोन टोप्या, छत्री आणि चार पानी माफीनामा. माफीनामा मी तीनदा लिहून पक्का केला होता. एसटीत वरच्या फळीवर पिशवी ठेवली, आणि कडा गावाच्या अलीकडे एका खड्ड्यात बस आदळली तेव्हा एका बाटलीचं झाकण निघालं. आष्टीच्या स्टँडवर पिशवी उघडली तर चारही पानं निळ्या लगद्यासारखी झालेली. ज्या जिल्ह्यात माणसं टँकरमागे धावत होती, तिथे भिजलेली वस्तू एकच होती, माझी माफी.

वस्तीवर दानियल भेटला. माझ्या वेळी तो देवळात पेटी वाजवायचा. आता केस पांढरे, पण जिभेला अजून धार होती.

"सलाम मास्तर! कावून आलात? रस्ता चुकलात काय?"

"शेवंताबाईला भेटायला आलोय. किल्ली द्यायची आहे."

त्याने किल्ली हातात घेऊन उलटसुलट केली. पितळेची, बोटभर लांबीची. "आरं देवा. ही तुमच्याकडं हाय व्हय? आमी ते कुलूप दगडानं फोडलं की त्या साली. कणगीला उंदीर लागले, मग मोडलीच ती."

देवळात त्याने मला जागा दाखवली. शहाबादी फरशी नंतर घातली होती, पण कणगीच्या कोपऱ्यात ती नीट बसली नव्हती. तिथे पाय ठेवला की फरशी डुगडुगते. मी तिच्यावर उभा राहिलो. दुसरं काय करणार?

त्याच्या घरी दुपारी शेंगोळे जेवलो. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळलेली कडबोळी, लसूण-मिरचीच्या रश्शात शिजवलेली. पुण्यात हुलगे पौष्टिक म्हणून खास दुकानातून आणतात. इथे दुसरं काही पिकलं नाही की हुलगे. दानियलच्या बायकोने मला तिसऱ्यांदा वाढलं. ही त्या दोघींपैकी एक, हिलाच मी शेवंताबाईच्या कमरेची किल्ली सोडवायला लावलं होतं.

ती स्वतःच म्हणाली, "मास्तर, ती गाठ मी सोडली बगा. मला अजून त्या सुताचा पीळ बोटांत लागतो. आमच्या वाटची माफी बी मागा तिच्याकडं."

"ती कुठे असते आता?"

"उमापूरला, गेवराईकडं," दानियल म्हणाला. "ऊसतोडीला गेलती, तिकडंच लेकीचं लगीन झालं, ऱ्हायली लेकीपाशी. बायकांची बियाणाची संस्था काढलीया तिनं. चेरमन हाय! सगळ्या हिंदू बाया, आन ही एकटी आपली. पन मास्तर, ती किल्ली घ्यायची न्हाई. लई खट हाय."

पाली

दुसऱ्या दिवशी बीडची बस मांजरसुंब्याचा घाट उतरली आणि पालीजवळ तिचा टायर बसला. कंडक्टर म्हणाला, तासभर लागेल. लोक बाभळीखाली टेकले. मी धरण बघायला गेलो. बिंदुसरेचं ते धरण माझ्या आठवणीत निळं होतं. आता तळाला भेगा पडलेल्या होत्या, इतक्या रुंद की मेंढीचं पाऊल अडकावं. मधोमध एक धनगर कमरेइतका खड्डा खणून त्याच्या काठावर निवांत तंबाखू मळत बसला होता. पन्नासेक मेंढ्या त्याच्याभोवती माना खाली घालून उभ्या होत्या.

खड्ड्याच्या तळाशी ताटभर गढूळ पाणी होतं.

"काढत का नाही?" मी विचारलं.

"आता काढलं तर चिखल येतोय. झरू द्यावं लागतं."

"आणि नाही झरलं तर?"

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून बाटल्यांची तोंडं डोकावत होती. "पाव्हणं, तुमी कंच्या गावचं? एवढं पानी घेऊन धरणावर आलात?" आणि आपल्याच बोलण्यावर तो इतका हसला की त्याच्या हातातला तंबाखू सांडला. "न्हाई झरलं तर दुसरीकडं खणायचं. रात्री दोन जागी खणून बगितलं, कोरडं निघालं. हितं ओल लागली. बसलोय."

मी दोन बाटल्या त्याला दिल्या. एक त्याने पिऊन टाकली, दुसरी म्हाताऱ्या मेंढीच्या तोंडाला लावली. तासाभराने बस निघाली तेव्हा धनगर झरलेलं पाणी घमेल्यात काढत होता आणि मेंढ्या पाळीपाळीने त्यात तोंड घालत होत्या. मी खिडकीतून पाहत होतो. त्या माणसाने खणण्यात कसूर केली नव्हती आणि बसण्यातही नाही. मला आयुष्यात दोन्ही एकदम कधी जमलं नव्हतं. तरुणपणी नुसता बसलो, नंतर नुसता खणत सुटलो.

उमापूर

गेवराईत मुक्काम करून सकाळी उमापूरला पोचलो. गाव मोठं, बाजारपेठेचं. पण दुकानदार दारात उभे राहून आकाशाकडे बघत होते. बायकांच्या संस्थेची खोली विचारली तर एक जण म्हणाला, "शेवंतामायची? ते बगा, निळं दार." दारात एक म्हातारी बसून हातांचं शेण धूत होती. डोक्यावरचा पदर तसाच, पाठ तशीच ताठ.

"सलाम, शेवंताबाई."

तिने डोळ्यांवर हात धरला. "मास्तर," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मी किल्ली पुढे केली. तिने घेतली नाही. दानियल बरोबर होता. मग मी बोलायला लागलो. पाठ केलेलं सगळं उडालं. चुकलो म्हणालो, माझ्यामुळे बी जळालं म्हणालो, वस्ती उठली म्हणालो.

ती हात पुसत ऐकत होती. "बी जळलं त्याचा राग न्हाई मास्तर. बी जळतं. म्या बी कितींदा जाळलंय. पाऊस आला तवा बाया-बापे माळावर उभे होते रिकाम्या हातानं, तवा तुमी कुटं होता? तुमी पाखरांचं सांगितलंत. म्या तवाच म्हनणार होते, पाखराला कणगी लागत न्हाई, कारण त्याला पंख हायेत. हितलं सपलं की उडालं. तुमी उडालात. मग आमाला बी उडावं लागलं, सहा-सहा महिने, उसाच्या फडावर."

मी किल्लीचा पुढे केलेला हात मागे घेतला.

"आन मला अल्पविश्वासी कुटं म्हणालात? दारात म्हणालात काय? भर मंडळीत म्हणालात. मग हितं दारात कावून माफी मागता? दुपारी बाया जमणार हायेत. तितं म्हना."

दुपारी वीस-बावीस बायका जमल्या. खोलीत तीन कणग्या होत्या, तिन्हींना कुलूप नव्हतं. झाकणाच्या कडेने शेणमातीचं लिंपण आणि ओल्या लिंपणात उमटवलेले तीन हातांचे ठसे. ज्या तिघींचे ठसे, त्या तिघी हजर असल्याशिवाय लिंपण फोडायचं नाही. शेवंताबाईने घालून दिलेली ही रीत. पहिल्या कणगीतलं बी मृगाआधी धुळीत पेरायचं, दुसरीतलं पाऊस उतरल्यावर, तिसरी त्या वर्षी उघडायचीच नाही.

त्या दिवशीचा प्रश्न पहिल्या कणगीचा होता. गेली दोन वर्षं तिच्यातलं बी धुळीत गेलं आणि करपलं होतं. शेवंताबाईच्या शेजारची जनाबाई, जिच्याकडे गावात उरलेल्या मोजक्या बैलजोड्यांपैकी एक होती, तीच उठली.

"शेवंतामाय, औंदा पहिली फोडायची न्हाई. दोन साल मातीत घातलं. तिसऱ्या साली बी घालायचं मंजी येडेपना हाय. औंदा फोडशील तर आमी बाया संस्थेतून निघतो."

बऱ्याच जणींनी माना हलवल्या. शेवंताबाईचं तोंड उतरलं. पंधरा वर्षांत उभी केलेली संस्था त्या खोलीत तिच्या डोळ्यांसमोर मोडत होती.

"हे पाव्हणे पुण्याचे हायेत, शिकलेले," जनाबाई माझ्याकडे वळली. "इचारा त्यांना."

आणि मी काय केलं? मी भांडारपाल झालो. घसा साफ करून म्हणालो, "जनाबाईंचं बरोबर आहे. पाऊस उतरेपर्यंत एक दाणाही बाहेर काढू नये."

शेवंताबाई हसली. दातांचा खुळखुळा झाला तरी हसू तेवीस वर्षांपूर्वीचंच होतं. "ऐका गं बायांनो! तवा हा म्हनला, सगळं पेरा. आज म्हनतो, कायच पेरू नका. दोनी डाव भ्यालेला हाय. तवा देव पावणार न्हाई म्हणून भ्याला होता, म्हणून एवढ्या मोठ्यानं वरडत होता."

तेवीस वर्षांत माझा कोणी एकेरी उल्लेख केला नव्हता. आणि एवढं खरंही कोणी बोललं नव्हतं. मी उभा राहिलो. तिथे प्रभूचं नाव माहीत असलेली ती एकटी होती. बाकीच्यांना मंडळी म्हणजे काय हेही समजावून सांगावं लागलं. पण मी सगळं सांगितलं. उपास, कुलूप, कमरेची किल्ली, कोंब, आणि पाऊस आलेल्या आठवड्यात पकडलेली बस. शेवटी म्हणालो, "मी ह्या बाईला अल्पविश्वासी म्हणालो होतो. त्या देवळात विश्वास असलेली तेवढी एकच होती."

मग जनाबाईने विचारलं, "मंजी त्या साली हिचं ऐकलं असतं, तर दुबारला बी ऱ्हायलं असतं?"

"हो."

"न्हाई," शेवंताबाई म्हणाली. सगळ्याजणी वळल्या. "बी ऱ्हायलं असतं, पन म्या बी चुकलेच. हा म्हनला सगळं, म्या म्हनले एक दाना न्हाई. मधलं कुणी बोललंच न्हाई. म्या पयल्याच दिवशी एक वाटा काडून दिला असता, तर ह्यानं कमरेला हात घालायला लावला नसता. फडावर ऊस तोडताना याच इचारात मी तीन वाटे केले." ती जनाबाईजवळ गेली. "काळी माती हाय आपली. पाऊस पडला की आठ-आठ दिस वाफसा होत न्हाई, चिखलात तिफन आत जात न्हाई. थोडाच पाऊस व्हनार असंल तर ते आठ दिस कुटून आणायचे? धुळीत घातलेलं पयल्या थेंबाला उठतं. जळलं तर दुसरी कणगी हाय. ती बी गेली तर तिसरी. कणगीतलं बी माझं आन धुळीतलं देवाचं, असं न्हाई गं जना. लिंपताना बी मी त्याचंच नाव घेते."

"आन तिसऱ्या साली बी जळलं तर?"

"जळलं तर चवथ्या साली भांडू. आज माझ्या रानात माझ्या वाट्याचं घालते. तुमी बगा. बैल देतीस का न्हाई तेवढं सांग."

जनाबाईने पदर खोचला. "बैल न्हाई देत म्हनलं तर खांद्यावर तिफन घेशील तू, म्हातारे," ती पुटपुटली आणि कणगीपाशी आली. पहिल्या कणगीवरच्या तीन ठशांतला एक तिचाच होता.

लिंपण वाळून दगड झालं होतं. विळा शोधायला एकजण निघाली, तेवढ्यात शेवंताबाईने माझ्यापुढे हात पसरला.

"आन ती किल्ली."

मी दिली. तिने किल्लीचं टोक लिंपणात घातलं आणि फिरवलं. खपली निघाली. मग किल्ली जनाबाईकडे गेली, तिच्याकडून तिसरीकडे. तिघींनी झाकणाची कड मोकळी केली. आतून लिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

उन्हं कलल्यावर रानात गेलो. जनाबाईच्या नवऱ्याने तिफण धरली. चारा छावणीतून परत आलेले बैल होते, बरगड्या मोजून घ्याव्यात असे, पण चालले. शेवंताबाईने बियाची ओटी माझ्या कमरेला बांधली. "मूठ तू धर."

तिफणीच्या तीन नळ्यांच्या वर लाकडी वाटी असते, चाडं म्हणतात. चालत चालत मुठीतून तिच्यात बी सोडायचं. पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळीला, मी मूठ इतकी आवळली, की मागून जनाबाई ओरडली, "ओ मास्तर, नांग्या पडतील! वावर रिकामं ऱ्हाईल!" मी मूठ सैल केली तर भसकन ओंजळभर सांडलं. "आता तितं जंगल उगवंल!" बांधावरच्या बायका हसून लोळल्या. तिसऱ्या, चौथ्या तासाला बोटांना समजायला लागलं. नळीतून दाणा पडल्याचा आवाज येतो, बारीक. तो ऐकत चालायचं. आवळायचीही नाही, सोडायचीही नाही. धूळ नाकातोंडात गेली, टोपी वाऱ्याने उडाली, दुसरी पिशवीत राहिली होती. त्या फेऱ्यांत मी प्रार्थना केली. कसलीही माहिती कळवली नाही.

शेवटचा तास झाला तेव्हा बांधावरच्या दोघी-तिघी आपसांत कुजबुजत होत्या, उद्या बैल कोणाच्या रानात आधी जाणार म्हणून.

परत

मी पावसासाठी थांबलो नाही. तो केव्हा येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निघताना शेवंताबाईने किल्ली माझ्या खिशात घातली.

"मला नको हाय. तुझ्याकडंच ठेव. पाऊस उतरला की दुसरी कणगी फोडायची हाय, तवा घेऊन ये. लिंपन चांगलं निघतं हिनं."

"आणि पाऊस नाही उतरला तर?"

"तरी बी ये. तवा तर येच."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

ज्या दोन वडीलधाऱ्यांनी मला अडवलं होतं, त्यांना मी रविवारी सांगणार आहे, आणि इथेही लिहून ठेवतो. हात जोडून बसणाऱ्याला मी आता विश्वासू म्हणणार नाही, मग तो कितीही मोठ्याने गाणी म्हणो. आणि घरात दोन टाक्या भरून ठेवणाऱ्याला शहाणाही म्हणणार नाही, मग तो मी स्वतः का असेना. दुबार पेरणीला हजर राहील तो विश्वासू. माझी बॅग भरलेली आहे. तिच्यात एकच बाटली आहे.

परतीच्या बसमध्ये शेजारी नगरचा एक व्यापारी होता. माझ्या कपड्यांवरची धूळ, नखांतली माती बघून त्याने उत्सुकतेने विचारलं, "बीडकडून आलात? पाऊस झाला का तिकडे?"

"नाही," मी म्हणालो. "पेरणी झाली."